आर.सी.आय.ए. वर्ग, ठाणे-नवी मुंबई: नास्तिकतेतून ख्रिस्ताकडे येणाऱ्याला तो कितपत पुरतो?

ठाणे आणि नवी मुंबईतल्या कॅथलिक पॅरिशमध्ये, म्हणजे त्या त्या भागातल्या चर्चमध्ये, प्रौढांसाठी बाप्तिस्म्याच्या तयारीचा जो वर्ग चालतो, त्याला सगळे आर.सी.आय.ए. म्हणतात ('प्रौढांच्या ख्रिस्ती दीक्षेचा विधी' या इंग्रजी नावाची आद्याक्षरं). हा सगळा पट्टा मुंबई महाधर्मप्रांतात येतो. त्यामुळे वर्गाचा सांगाडा सगळीकडे सारखा आणि शिकवणारी माणसं मात्र वेगवेगळी. हे परीक्षण एका विशिष्ट माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. तो देव मानत नव्हता, त्याची त्याला कारणं होती, आणि आता तो ख्रिस्ताकडे वळतो आहे. त्याच्या बाबतीत या वर्गाबद्दल सरळ मत असं: विधी म्हणून याला तोड नाही, पण बुद्धीला उत्तर देण्यात तो कच्चा आहे. हे आधीच माहीत असेल तर उणीव भरून काढता येते. माहीत नसेल तर चांगला माणूस सहाव्या-सातव्या आठवड्यात येणं बंद करतो आणि कोणाला कारणही कळत नाही.

आधी सांगाडा. चर्चच्या पहिल्या शतकांत प्रौढांना टप्प्याटप्प्याने दीक्षा देत. ती पद्धत पुढे मागे पडली. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये ती पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि 1972 मध्ये तिचा विधी तयार होऊन आला. पहिला टप्पा नुसत्या विचारपुशीचा, त्यात कसलीच बांधिलकी नाही. मग स्वीकारविधी होतो. त्यात कपाळ, कान, डोळे, ओठ, छाती, खांदे असं एकेका ठिकाणी क्रुसाची खूण करतात. तिथून माणूस दीक्षार्थी होतो. दीक्षार्थ्याने प्रवचनापर्यंत मिस्सेत, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, बसायचं आणि मग बाहेर येऊन त्याच वाचनावर चर्चा करायची, असा मूळ क्रम आहे. उपवासकाळाच्या (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) पहिल्या रविवारी बिशपांपुढे निवडविधी, म्हणजे बाप्तिस्म्यासाठी निवड जाहीर होणं, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी आत्मपरीक्षणाचे तीन विधी, आणि ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा. त्यानंतर पेंटेकॉस्टपर्यंतचे 50 दिवस शेवटचा टप्पा.

वर्ग साधारण जून-जुलैत सुरू होतो, आठवड्यातून एकदा, बहुधा रविवारच्या मिस्सेला जोडून, तास-दीड तास. किती आठवडे मिळणार हे ईस्टर ठरवतो. 2027 चा ईस्टर 28 मार्चला आहे. म्हणजे राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस, 10 फेब्रुवारीला, निवडविधी 14 फेब्रुवारीच्या सुमारास, आत्मपरीक्षणाचे विधी 28 फेब्रुवारी, 7 मार्च आणि 14 मार्चला, आणि बाप्तिस्मा 27 मार्चच्या रात्री. 2028 चा ईस्टर 16 एप्रिलला, म्हणजे जवळजवळ तीन आठवडे जास्तीचे. मधे गणपती, दिवाळी आणि नाताळ येतात. तेवढे रविवार वजा केले तर लवकरच्या ईस्टरच्या वर्षी जेमतेम तीस बैठका हाती लागतात. एवढ्यात सगळा श्रद्धाविषय बसवायचा म्हणून शिकवणारे घाई करतात, आणि ती घाई नेमकी सुरुवातीच्या प्रश्नांवर उतरते. तुमचे प्रश्न मुळातले असतील तर उशिराच्या ईस्टरचं वर्ष निवडा किंवा सरळ दोन वर्षं घ्या. चर्चचा नियम घाईचा नाहीच. प्रौढाने स्वतः इच्छा सांगितलेली असावी, त्याला पुरेसं शिक्षण मिळालेलं असावं, ख्रिस्ती जगणं त्याने काही काळ करून पाहिलेलं असावं, असं चर्चच्या कायद्याचं, म्हणजे धर्मविधीसंहितेचं, कलम 865 म्हणतं. कलम 748 तर स्पष्ट सांगतं की कोणावरही श्रद्धा लादता येत नाही. अगदी आदल्या आठवड्यात 'अजून नाही' म्हणालात तरी ते विधीच्या विरुद्ध जात नाही. फीही नाही. बाप्तिस्म्याचा मोबदला मागता येत नाही, स्वखुशीचं दान तेवढं चालतं.

आता अडचण. वर्गात येणारे बरेचजण कॅथलिक मुलाशी किंवा मुलीशी लग्न ठरलेले असतात. काही दुसऱ्या धर्मातून आलेले असतात. देव आहे हे त्यांना मान्यच असतं, कोणता देव एवढाच प्रश्न असतो. वर्गाची पहिली बैठक या लोकांसाठी बेतलेली असते आणि ती 'देवाने जग निर्माण केलं' इथून सुरू होते. नास्तिक माणूस त्या वाक्याच्या अलीकडे उभा असतो. तो विचारतो, 'आहे कशावरून?' वर्ग घेणारे श्रद्धाशिक्षक बहुधा नोकरी-संसार सांभाळून सेवा करणारे साधे लोक. त्यांच्याकडे स्वतःचा अनुभव असतो, वादाची तयारी नसते. 'हळूहळू कळेल' हे उत्तर मिळतं. ते प्रेमाने दिलेलं असलं तरी ते उत्तर नव्हे.

खरं म्हणजे उत्तरं घरातच ठेवलेली आहेत. 1992 च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथात, 2865 परिच्छेद आहेत, आणि नास्तिकाने पहिल्या परिच्छेदापासून सुरुवात करू नये. 27 ते 49 मध्ये देवाला बुद्धीने ओळखता येतं का याची मांडणी आहे. 159 मध्ये श्रद्धा आणि विज्ञान. 309 ते 314 मध्ये, देव चांगला असेल तर दुःख का, हा सगळ्यात अवघड प्रश्न. तिथे स्पष्ट कबुली आहे की घाईचं कोणतंही उत्तर पुरणार नाही. मग 2123 ते 2128, थेट नास्तिकतेवर. त्यातला 2125 जरूर वाचावा. श्रद्धावंतांच्या चुकीच्या शिकवणुकीमुळे आणि वागण्यामुळेही नास्तिकता वाढते, असं तिथे चर्च स्वतःच मान्य करतं. ही कबुली त्याच व्हॅटिकन परिषदेच्या 1965 च्या दस्तऐवजातून घेतलेली आहे. हे 36 परिच्छेद चार बैठकांत नीट होतात. पॅरिशच्या फादरांकडे या चार बैठका वेगळ्या मागा. बहुतेक फादर तत्त्वज्ञानाची काही वर्षं शिकून आलेले असतात आणि असा प्रश्न घेऊन येणारा माणूस त्यांना क्वचितच भेटतो. श्रद्धाशिक्षकाला सगळ्यांसमोर कोंडीत पकडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

विज्ञानाचा प्रश्न इथे लवकर निघतो, कारण ऐकणारे पुष्कळदा अभियंते असतात. विश्वाचा विस्तार आणि त्याची एका आदिकणातून झालेली सुरुवात मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियन कॅथलिक धर्मगुरू होता. विस्तारावरचा त्याचा लेख 1927 चा. पण त्याचं नाव सांगून 'म्हणून देव आहे' असं कोणी म्हणत असेल तर थांबवा. लमेत्रला स्वतःलाच ते मान्य नव्हतं. भौतिकशास्त्र आणि श्रद्धा यांची सरमिसळ त्याने कटाक्षाने टाळली.

मराठी नास्तिकाची जडणघडण युरोपातल्या नास्तिकाहून वेगळी आहे आणि याकडे वर्ग साफ दुर्लक्ष करतो. आपल्याकडचा नास्तिक आगरकरांच्या 'सुधारक'च्या परंपरेतला असतो, दाभोलकरांच्या कामातून घडलेला असतो, किंवा आंबेडकरी घरातला असतो. त्याने देव सोडला तो बुवा, नवस, मुहूर्त आणि जात यांच्या रागातून. त्याला भीती असते की ख्रिस्ती होणं म्हणजे पुन्हा त्याच चिखलात पाय. याचं उत्तर पहिल्याच महिन्यात मिळायला हवं: कॅटेकिझमच्या 2110 ते 2117 मध्ये अंधश्रद्धा, ज्योतिष, कुंडली, हात बघणं, जादूटोणा हे सगळं चुकीचं ठरवलं आहे. अंधश्रद्धेविरुद्धचं काम सोडावं लागत नाही, उलट ते कर्तव्यच होतं. हे न सांगितल्यामुळे काय होतं? माणूस एखाद्या नोव्हेनाला, म्हणजे नऊ वेळा करायच्या प्रार्थनेला, जातो, 'नऊ बुधवार केले की काम होतं' असं कोणाकडून ऐकतो आणि परत फिरतो. 2111 वा परिच्छेद नेमकं हेच धरतो: प्रार्थना किंवा विधी नुसता बाहेरून केला की फळ मिळतं असं मानणं हीच अंधश्रद्धा.

आरतीचंही तसंच. मराठी मिस्सेत कधी आरती असते, समई असते, निरांजन असतं. ज्याने घरची आरती विचारपूर्वक सोडली तो चमकतो. भारतातल्या उपासनेसाठी रोमने 1969 मध्ये अशा 12 रूपांतरांना मान्यता दिली, त्यात आरती, अंजली, दीप, जमिनीवर बसणं हे सगळं आहे. कारण साधं आहे: आदर दाखवण्याची या मातीची जी भाषा आहे तीच वापरायची. हे दोन मिनिटांत सांगून होतं, पण कोणी सांगत नाही.

इथून संस्कृतीच्या प्रश्नाकडे यावंच लागतं, कारण अलीकडे बरेच नास्तिक त्याच दाराने येतात. नोव्हेंबर 2023 मध्ये आधी इस्लाम सोडून नास्तिक झालेल्या लेखिका अयान हिर्सी अली यांनी आपण ख्रिस्ती झाल्याचं जाहीर केलं. त्यांच्या कारणांत पाश्चात्त्य संस्कृतीचा आधार टिकवणं हे मोठं कारण होतं, आणि त्यासोबत नास्तिकतेत जगण्याचा अर्थ सापडला नाही हेही. 2024 च्या ईस्टरच्या सुमारास प्रसिद्ध नास्तिक जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स म्हणाले की आपण 'सांस्कृतिक ख्रिस्ती' आहोत, विश्वास मात्र नाही. हे वाचून इथला माणूसही म्हणतो: मानवी प्रतिष्ठा, दुर्बळाची कणव, रुग्णालयं, शाळा हे सगळं जिथून आलं ते मुळासकट जपायला हवं. या विचारात तथ्य आहे. पण वर्ग त्याचं नीट काही करत नाही. एक तर तो विचार कौतुकाने स्वीकारला जातो आणि तपासला जात नाही, नाहीतर 'हे राजकारण' म्हणून झटकला जातो.

तपासायचा कसा, तर जागा बदलून. 'पाश्चात्त्य संस्कृती वाचवायची' हे कारण ठाण्यात उभ्या असलेल्या मराठी माणसाला लागू होत नाही. त्याच्या पायाखालचा ख्रिस्ती इतिहास वेगळा आणि जुना आहे. एप्रिल 1321 मध्ये चार फ्रान्सिस्कन संन्यासी याच ठाण्यात मारले गेले. पोर्तुगीज यायच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी. त्यांचा सोबती जॉर्डन, डोमिनिकन या दुसऱ्या संघाचा संन्यासी, वाचला आणि 1329 मध्ये कोल्लमचा बिशप झाला. म्हणजे 'ख्रिस्ती धर्म गोऱ्यांच्या राज्यामागून आला' हे वाक्य निदान ठाण्यात तरी पूर्ण खरं नाही. 1616 मध्ये थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत छापलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, आणि त्यात मराठीची अशी थोरवी गायली की ती आजही शाळांतून म्हटली जाते. ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी 1857 ची. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि अभंग लिहीत राहिले, नारायण हे नाव न सोडता. ठाण्यातल्या जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या मराठीभाषक कॅथलिक, घरांत प्रार्थना आणि लग्नाची गाणी मराठीतच आहेत, गावठाणांच्या तोंडाशी क्रूस उभे आहेत.

या यादीतल्या एकानेही संस्कृती वाचवण्यासाठी बाप्तिस्मा घेतला नाही. टिळकांनी मराठीला जे दिलं ते ख्रिस्ताच्या ओढीतून आलं. ओढ नसती तर अभंगही नसते. झाडाला फळ लागतं म्हणून फळासाठी कोणी झाड झालं नाही. वर्गात दोन बैठका या मराठी वारशाला द्यायलाच हव्यात असं माझं ठाम मत आहे, आणि आज बहुतेक ठिकाणी एकही दिली जात नाही. तेवढा वेळ युरोपातल्या संतांच्या चरित्रांवर जातो.

नुसत्या सांस्कृतिक कारणाने आलेला माणूस कुठे अडतो हे आधीच सांगता येतं: उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी. आत्मपरीक्षणाच्या तीन विधींत योहानाच्या शुभवर्तमानातले अध्याय 4, 9 आणि 11 वाचतात. विहिरीवरची शोमरोनी बाई, जन्मांध माणूस, आणि मेलेला लाजर. तिन्ही ठिकाणी येशू माणसाला वैयक्तिक काहीतरी विचारतो. इथे 'ही मूल्यं समाजाला हवीत' म्हणून भागत नाही. 'तू पुन्हा उठशील यावर तुझा विश्वास आहे का' असा तो प्रश्न आहे. गुडघे टेकून, मंडळींसमोर, आपल्यासाठी प्रार्थना करून घ्यायची असते. वर्गातला सगळ्यात उत्तम भाग हाच, आणि जिथे वेळ वाचवण्यासाठी तिन्ही विधी एकाच रविवारी उरकतात तिथे वर्गाचा कणाच मोडतो. नाव नोंदवण्याआधी विचारून घ्या: तिन्ही वेगवेगळे होतात का?

भाषेचंही आधी विचारा. इथले पुष्कळ वर्ग इंग्रजीत चालतात. मराठीत विचार करणाऱ्याला 'ग्रेस' म्हणजे कृपा आणि 'सिन' म्हणजे पाप हे शब्द कळतात, पण कृपेबरोबर त्याच्या मनात ज्ञानेश्वर-तुकाराम येतात, आणि तो धागा इंग्रजी वर्गात तुटतो. मराठी वर्ग जवळ नसेल तर निदान रविवारची मिस्सा मराठी धरा, वेळ पॅरिशच्या फलकावर असते. प्रत घेताना बायबलची अनुक्रमणिका उघडून पाहा. तोबित, यहूदीथ, मक्काबी ही पुस्तकं असतील तर ती 73 पुस्तकांची कॅथलिक प्रत, नसतील तर 66 पुस्तकांची प्रॉटेस्टंट. सुरुवात मार्कपासून करा. 16 अध्याय, एका रविवारी दुपारी संपतं. उत्पत्तीपासून सुरू केलेले लोक लेवीय पुस्तकात थकतात.

लहानपणी बाप्तिस्मा झालेला आणि मोठेपणी नास्तिक झालेला असाल, आणि इथल्या ख्रिस्ती घरांतून असे बरेच आहेत, तर तुमचा बाप्तिस्मा पुन्हा होत नाही. मूळ पॅरिशमधून बाप्तिस्म्याचा ताजा दाखला आणा. पापनिवेदन करायचं, आणि दृढीकरण (तेल लावून श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) राहिलं असेल तर ते. वर्गात मात्र तुम्हालाही बसवतात, आणि ते योग्यच आहे. उलट पहिल्यांदाच येणाऱ्याला बाप्तिस्म्याआधी पापनिवेदन लागत नाही, बाप्तिस्म्यातच सगळं धुतलं जातं. गॉडफादर किंवा गॉडमदर 16 वर्षांवरची, दृढीकरण झालेली कॅथलिक व्यक्ती हवी. आई-वडील चालत नाहीत. नाव बदलायची सक्ती नाही. ख्रिस्ती भावनेशी विसंगत नाव नसावं एवढंच कलम 855 सांगतं. कोणी 'इंग्रजी नाव घ्यावंच लागेल' म्हणालं तर ते कलम दाखवा.

कायद्याच्या बाबतीत वर्ग गप्प असतो आणि ही माझ्या दृष्टीने गंभीर चूक आहे. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशानुसार अनुसूचित जातीची सवलत हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळते. ख्रिस्ती झाल्यावर ती जाते. आंबेडकरी घरातून येणाऱ्या माणसाच्या नोकरीचा आणि मुलांच्या प्रवेशाचा हा प्रश्न आहे, तो त्याला फेब्रुवारीत कळता कामा नये. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 नुसार एका जोडीदाराचं धर्मांतर हे दुसऱ्याला घटस्फोट मागण्याचं कारण होऊ शकतं. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 26 चा परिणाम धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांच्या वारशावर होतो. चर्चच्या नोंदवहीतली नोंद ही चर्चची. सरकारी कागदांवर धर्म बदलायचा तर शासनाच्या राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. धर्मांतराबाबतचे राज्याचे नियम बदलत असतात, म्हणून निवडविधीच्या आधी वकिलाला एकदा भेटाच. जोडीदाराला सगळं आधी सांगा, त्यात लपवाछपवी नको.

आता बाप्तिस्म्याच्या, म्हणजे 27 मार्च 2027 च्या रात्रीबद्दल. अंधार पडल्यावरच विधी सुरू होतो. बाहेर अग्नी, त्यावर पेटवलेली मोठी ईस्टर मेणबत्ती, अंधाऱ्या चर्चमध्ये एकेक ज्योत. जुन्या करारातली सात वाचनं नियमात आहेत. कमी केली तरी निर्गमचा 14 वा अध्याय सोडता येत नाही. पूर्ण वाचनं असतील तर तीन तास धरा. आदल्या दिवशी शुभ शुक्रवारचा उपास असतो, तेव्हा शनिवारी दुपारी नीट जेवा. ख्रिस्तप्रसादाच्या (मिस्सेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीच्या) आधीचा फक्त एक तास खायचं नसतं. पाणी डोक्यावर तीनदा ओततात, म्हणून कोरडा सदरा किंवा ओढणी जवळ ठेवा. पांढरं वस्त्र पॅरिश देतं की आपण न्यायचं हे विचारून घ्या. बाप्तिस्मा, दृढीकरण आणि पहिला ख्रिस्तप्रसाद तिन्ही त्याच रात्री होतात, आणि दृढीकरणाचं तेल बाप्तिस्मा देणारे फादरच लावतात. बिशप येण्याची वाट पाहावी लागत नाही.

आणि मग वर्ग बंद पडतो. विधीत पुढचे 50 दिवस, 28 मार्च ते 16 मे 2027, नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी राखलेले आहेत: झालेल्या विधींचा अर्थ उलगडायचा, मिस्सेतली वाचनं सोबत वाचायची, मंडळींत मिसळायचं. पण शाळांच्या परीक्षा येतात, मग मे महिन्याची सुट्टी, शिकवणारे गावी जातात, आणि ज्याने आयुष्यभराचं मत बदललं तो माणूस पहिल्या वैशाखात एकटा पडतो. जुने नास्तिक मित्र विचारतात, घरचे अबोला धरतात, आतला उत्साह ओसरतो, आणि बोलायला कोणी नसतं. म्हणून वर्गात नाव घालतानाच या सात रविवारांचं काय हे विचारा. ठरलेली वेळ नसेल तर गॉडफादर किंवा गॉडमदरकडून हे सात रविवार आधी कबूल करून घ्या: मिस्सेनंतर अर्धा तास, त्या दिवशीचं शुभवर्तमान आणि एक कप चहा.